इर्जिकीला गेलेला कॉम्प्युटर

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि तो नांदेडला कॉलेजात. दर शनिवारी तो गावी, कुरुंद्याला यायचा, रविवारी सकाळी माझं डोकं धुवायचा आणि वेण्या घालून द्यायचा. भांग सरळ यावा म्हणून कंपासपेटीतली पट्टी लावायचा. एवढं मला आठवतं. बाकीचं लहानपण आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

त्याला भौतिकशास्त्रात संशोधन करायचं होतं. एमएस्सी चांगली झाली, पुढच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात राहिला, आणि तिसऱ्यांदा बसायचं त्या वर्षी आप्पांच्या कमरेचं दुखणं निघालं. हळद काढणीला आलेली होती. तो आला तो राहिलाच. वसमतला एका कॉलेजात तासावर शिकवायला लागला. तासावरच्या मास्तरला पुढच्या जूनला बोलावणं येईल की नाही, ते जून उजाडल्यावरच कळतं. दादानं असे अकरा जून काढले.

आमच्या पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. एक त्यानं स्वतः घेतलेला, बऱ्यापैकी नवा. दोन भंगारात निघालेले, एकाचे भाग दुसऱ्याला लावून त्यानं चालते केलेले. मी तेव्हा वसमतला बीएडला जात होते. एका दुपारी घरी आले तर तिन्ही चालू आणि समोर कुणीच नाही. दादा मागच्या अंगणात भांडी घासत होता.

"समोर कुणी न्हाई अन् मशिनी कशाला चालू ठेवल्यास?" मी विचारलं.

"काम करून राहिल्यात त्या," तो म्हणाला. हात पुसत आत आला आणि पडद्यावरची एक पट्टी दाखवली. ती डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश भरत होती. "हे काम युरोपातून आलंय. झालं की आपोआप तिकडं परत जातं."

आप्पा दारात येऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "कशाचं काम?"

दादा त्यांच्याजवळ खाली बसला. आप्पांना काही सांगायचं असलं की तो नेहमी खाली बसायचा. "आप्पा, तिकडं जमिनीखाली एक मोठा गोल बोगदा हाय. त्यात कण फिरवतेत. डोळ्यांना दिसत न्हाईत इतके बारीक. ते लाखो फेऱ्या मारतेत. फिरता फिरता एखादा वाट सोडतो अन् कडेला धडकतो. कोणता कण कवा वाट सोडील, ते आधी गणित मांडून बघावं लागतंय. गणित इतकं मोठं हाय की त्यांच्या एकट्याच्यानं व्हत न्हाई. म्हणून तुकडे करून जगभर वाटतेत. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा हाय त्यानं एक तुकडा करून द्यायचा."

"अन् आपला तुकडा चुकला तर?"

"तोच तुकडा आणखी एकाला देतेत. दोघांचं उत्तर बराबर जुळलं तरच घेतेत."

"म्हंजे इर्जिक," ते म्हणाले. "एकाचं वावर मोठं असलं की गावानं आपापली बैलं घेऊन जायचं."

"व्हय. तसंच."

"इर्जिकीला जेवण असतंय. तुला काय घालतेत?"

"गुण देतेत. नावापुढचा आकडा वाढतो नुसता."

आप्पा हसले. "मंग बैल उपाशी," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी विरोधही केला नाही. गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, पोराचा कॉम्प्युटर इर्जिकीला गेलाय.

मला मात्र राग यायचा. दादा पस्तिशी ओलांडून गेला होता. स्थळं यायची आणि कायमची नोकरी नाही म्हणून परत जायची. तिकडच्या संशोधकांसाठी आपल्या घरातली वीज जाळून हा काय मिळवतोय, असं मला वाटायचं. मी एकदा तसं बोललेही. तो म्हणाला, "मला तिकडं जायचं व्हतं. जाता आलं न्हाई. निदान माझी मशीन जातीय." नंतर मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पहिलं वर्ष बरं चाललं. मग फेब्रुवारीत दोन्ही जुन्या मशिनी मध्येच बंद पडायला लागल्या. दादानं झाकणं उघडली तर आतला पंखा आणि त्याखालची जाळी पिवळीधमक. समोरच्या आळीत हळद पॉलिश करायचा ड्रम चालायचा, त्याची धूळ खिडकीतून यायची. आम्हाला ती धूळ कपड्यांवर, ताटात, सगळीकडे सवयीची होती. ती कॉम्प्युटरच्या पोटातही जात असेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं रंगाच्या मऊ ब्रशनं जाळी साफ केली, सायकलच्या पंपानं हवा मारली, खिडकीला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. मशिनी थंड झाल्या आणि काम पुन्हा सुरू झालं.

त्याच सुमारास हे काम करणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. ती आधीपेक्षा वेगानं चालेल असं लिहिलेलं होतं. दादाच्या नव्या कॉम्प्युटरवर ती खरंच वेगानं चालली. जुन्या दोन्हींवर मात्र एकेका तुकड्याला जवळपास दुप्पट वेळ लागायला लागला. काही तुकडे मुदतीत पुरेच होईनात. मुदत संपली की तुकडा दुसऱ्याला जायचा आणि आपलं केलेलं सगळं वाया.

दादाला आधी वाटलं, धूळच असेल. पुन्हा साफ केलं. मग वाटलं, विजेचा दाब कमी पडत असेल. मग त्यानं शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या आणि मला बसवलं. तुकडा कधी सुरू झाला, कधी संपला, आतलं तापमान किती, खोलीतलं किती, लाइट गेली होती का, कोणती आवृत्ती. तो वसमतला शिकवायला गेला की दुपारच्या नोंदी मी करायच्या.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," तो मला सांगायचा. "दोन बदलल्या की कशानं फरक पडला ते कळत न्हाई."

मी कुरकुरत नोंदी केल्या. पंखा लावून, पंखा बंद करून. खिडकी उघडी, खिडकी बंद. जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. महिनाभरात वही अर्धी भरली. हळूहळू मलाही त्यात गंमत वाटायला लागली, पण मी ते त्याला दाखवलं नाही.

एका रविवारी तो वही घेऊन बसला आणि म्हणाला, "धूळ न्हाई. लाइट बी न्हाई. प्रोग्रामच चुकून राहिला."

त्यानं मला समजावलं. प्रोग्राम सुरू होताना समोरची मशीन कोणत्या जातीची आहे ते बघतो. जोरकस असेल तर तिला जवळच्या वाटेनं नेतो, कमजोर असेल तर लांबच्या. आमच्या जुन्या मशिनींना जवळची वाट झेपत होती, मागच्या आवृत्तीत त्या त्याच वाटेनं जात होत्या. नवी आवृत्ती त्यांना ओळखतच नव्हती. ओळखत नाही म्हणून सगळ्यात लांबच्या वाटेनं पाठवत होती.

त्या कामात असलेल्या लोकांची इंटरनेटवर एक चर्चेची जागा होती. दादानं तिथं कुरुंदा आणि पुढं एक आकडा असं नाव घेतलं होतं. त्यानं तिथं सगळं लिहिलं. त्याचं इंग्रजी पुस्तकी होतं. पाठवण्याआधी त्यानं मला दोनदा वाचून दाखवलं, जसं काही माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं होतं. पहिलं उत्तर एका माणसाचं आलं. त्यानं लिहिलं होतं, इतकी जुनी यंत्रं चालवून वीज जाळण्यापेक्षा ती फेकून द्या, विज्ञानाला त्याचा जास्त उपयोग होईल.

दादानं ते वाचलं, कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि शेताकडे निघून गेला.

चार दिवसांनी दुसरं उत्तर आलं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी एक बाई होती. कोणत्या देशातली ते आम्हाला कधी कळलं नाही. तिनं लिहिलं होतं की तुमच्या नोंदी नीट आहेत, अशा आणखी काही चाचण्या कराल का? आणि चाचण्यांची एक यादी दिली होती.

ते पुढचे पाच-सहा महिने माझ्या आठवणीत दादाचे सगळ्यात चांगले महिने आहेत. कॉलेजवरून आला की चहा न पिता कॉम्प्युटरकडे जायचा. ती विचारायची, हा करायचा, कळवायचा. एकदा तिनं त्याला विचारलं की तुम्ही कोणत्या संशोधन संस्थेत आहात. तो ते वाचून कितीतरी वेळ हसत होता. मग त्यानं लिहिलं, मी एका खेड्यात राहतो आणि आमची हळदीची शेती आहे. तिनं लिहिलं, तुम्ही माझ्या सोबतच्या काही लोकांपेक्षा नीट काम करता. ते वाक्य त्यानं मला दाखवलं, आप्पांना सांगितलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा आप्पांना सांगितलं.

त्याच महिन्यांत त्याचे पाय सुजत होते. मी विचारलं तर म्हणाला, दिवसभर खुर्चीत बसतो म्हणून. चेहरा फुगलेला असायचा, तो म्हणाला, झोप झाली नाही. मी रोज दुपारी त्या मशिनींचं तापमान वहीत लिहीत होते. त्याचा रक्तदाब कुणीही एकदासुद्धा मोजला नव्हता. वर्गात शिकवताना त्याला चक्कर आली तेव्हा नेला, तर डॉक्टरांनी लगेच नांदेडला पाठवलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. सकाळच्या एसटीनं जायचं, चार तास पडून राहायचं, संध्याकाळी यायचं. पाणी मोजून प्यायचं. कॉलेजनं पुढच्या जूनला बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो जाऊ शकला नसता.

माझं लग्न त्याआधीच ठरलं होतं. मी पुढं ढकला म्हणत होते, पण दादा ऐकेना. "माझ्यापायी तुझं काही थांबायचं न्हाई," म्हणाला. त्यानं मांडवात खुर्चीवर बसून सगळ्यांची विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिसला गेला. मी आखाडा बाळापूरला सासरी आले, तिथं शाळेत शिकवायला लागले.

डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या कुणी किडनी दिली तर बरं. आप्पांना साखर होती आणि वयही झालं होतं, त्यांना नाही म्हणाले. उरले मी. लग्नानंतर चार महिन्यांनी मी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "तू ठरव. मी आडवा येणार न्हाई." त्या दिवसानंतर माझ्याकडे बघताना सासूबाईंची नजर माझ्या पोटाकडे जायची. मी नांदेडला जाऊन रक्त दिलं. गट जुळला. पुढच्या तपासण्यांची तारीख मिळाली.

मी दादाला सांगितलं तेव्हा तो डायलिसिसच्या खाटेवर होता. डाव्या हातातून दोन नळ्या निघालेल्या, उजव्या हातात मोबाईल.

"बंद कर त्या तपासण्या," तो म्हणाला.

"काहून?"

"तुला अजून लेकरं व्हायचीत."

"डॉक्टर म्हणतेत, त्यानं काही व्हत न्हाई."

"डॉक्टरला म्हणू दे. मी न्हाई घेणार. सही माझी लागती ना? मी करणार न्हाई."

मी आणखी एकदा म्हटलं. त्यानं मान फिरवली. मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. बाहेर आले, स्टँडवर उसाचा रस प्याले, आणि तो मला गोड लागला. मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही.

मशिनींचं काम या सगळ्यात थांबलं नव्हतं. त्या बाईनं दादाच्या नोंदींवरून प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला होता. चाचणीपुरती एक आवृत्ती तिनं त्याच्याकडे पाठवली आणि ती दोन्ही जुन्या मशिनींवर काही दिवस चालवून बघायला सांगितलं. दादानं ती सोमवारी लावली. मंगळवारी तो नांदेडला, आणि घरी आप्पा. मी त्या आठवड्यात शाळेला सुट्टी असल्यानं दादासोबत गेले होते.

अकराच्या सुमारास आप्पांचा फोन आला. लाइट जाऊन आली होती. एक मशीन आपोआप सुरू झाली, दुसरीवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. आप्पांना मराठी वाचता येतं, इंग्रजी अक्षरं येत नाहीत.

"आप्पा, काय लिहिलंय ते सांगा," दादा म्हणाला.

"मला काय कळतंय? थांब, काढून घेतो."

त्यांनी ती अक्षरं कागदावर चित्रासारखी काढून घेतली. मग एकेक चित्र फोनवर सांगायला लागले. "पहिलं एक उभी काठी अन् तिला वर आडवी काठी. दुसरं, तीन आडव्या काठ्या, डाव्या अंगाला उभी. तिसरं, उभी काठी, वर अर्धा गोल अन् खाली पाय फेंगडलेला."

दादा डोळे मिटून ऐकत होता. मी कागदावर लिहून घेत होते. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे बाबा मान वळवून बघत होते. अर्ध्या तासात पूर्ण ओळ झाली. दादानं आप्पांना सांगितलं, कीबोर्डवर डावीकडून वरच्या ओळीत दुसरं बटण दाबा, मग उजवीकडचं मोठं, वाकड्या बाणाचं. आप्पांनी दाबलं. थोड्या वेळानं म्हणाले, "पट्टी आली. भरून राहिली."

दादानं फोन ठेवला आणि म्हणाला, "आप्पा हुशार हायेत. शिकले असते तर..."

त्या आठवड्यात आप्पांनी तीनदा मशिनी सुरू करून दिल्या. चाचणी पूर्ण झाली. जुन्या दोन्ही मशिनींचा वेळ पूर्वीच्या आवृत्तीइतका, किंबहुना थोडा कमीच आला. उत्तरंही दुसरीकडच्या उत्तरांशी बराबर जुळली. दादानं मोबाईलवरून त्या बाईला कळवलं. तिनं लिहिलं, पुढच्या आवृत्तीत ही दुरुस्ती सगळ्यांसाठी जाईल. मला त्यानं फोन केला तेव्हा आवाज बारीक झाला होता, पण मी ओळखलं की तो खुश आहे.

"ओळखलं त्यानं," तो म्हणाला.

"कुणी?"

"प्रोग्रामनं. आपल्या मशिनींना."

त्याला त्यानंतर बारा दिवस मिळाले. हाताच्या नळीतून जंतू गेला, ताप चढला आणि उतरेना. नांदेडला तीन दिवस ठेवला. रानात हळद काढणी चालू होती आणि आप्पा बायकांना जेवणाची सुट्टी देऊन बांधावर बसलेले असताना माझ्या नवऱ्यानं त्यांना फोन केला. मी दवाखान्यात होते. मला फोन करणं जमलं नाही.

दिवस झाले. पाहुणे गेले. तिन्ही मशिनी त्या दिवसांत बंद होत्या, कुणी बंद केल्या ते मला माहीत नाही. मी बाळापूरला परत जायच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "त्या बाईला कळवलंस का?"

मला सुचलंच नव्हतं. दादाचं खातं उघडलं. तिचे दोन निरोप येऊन पडले होते. एकात विचारलं होतं की तब्येत कशी आहे, डायलिसिसचं तिला त्यानं सांगितलं असावं. दुसऱ्यात लिहिलं होतं, आवृत्ती तयार आहे. मी इंग्रजीत लिहिलं की हे खातं ज्याचं होतं तो माझा भाऊ वारला, मी त्याची बहीण, नोंदींच्या वहीतलं दुपारचं अक्षर माझं आहे. ते शेवटचं का लिहिलं ते आजही मला सांगता येणार नाही.

नवी आवृत्ती महिन्याभरानं आली. तिच्यासोबत बदलांची जी यादी असते, तिच्यात एक ओळ होती. जुन्या यंत्रांवर प्रोग्राम संथ चालण्याची चूक दुरुस्त केली, आणि ती शोधल्याबद्दल आभार. पुढं दादानं घेतलेलं नाव, म्हणजे आमच्या गावाचं नाव. तो गेल्याचंही त्या बाईनं तिथंच कळवलं होतं. खाली बऱ्याच लोकांनी लिहिलं होतं. कुणाची शाळेतली जुनी मशीन पुन्हा नीट चालायला लागली होती, कुणाचे वडील नुकतेच गेले होते. यंत्रं फेकून द्या म्हणणाऱ्या त्या माणसानंही लिहिलं होतं. मी तेव्हा नीट बोललो नाही, मला माफ करा, एवढंच.

मी सगळं आप्पांना मराठीत सांगितलं. त्या माणसाचं ऐकून ते म्हणाले, "त्याला लिही, माझ्या लेकराला राग नव्हता."

"खरंच नव्हता का, आप्पा?"

"व्हता. पण तू लिही."

मी तसं लिहिलं.

त्यानंतर आप्पांनी मशिनी पुन्हा चालू केल्या. मी सांगितलं नव्हतं. बाळापूरहून महिन्या-दोन महिन्यांनी जायचे तेव्हा त्या चालूच असायच्या. हंगामात ते दर रविवारी झाकणं उघडून ब्रशनं धूळ काढायचे. लाइट गेली-आली की दादानं सांगितलेली बटणं दाबायचे, आणि काही वेगळं दिसलं तर कागदावर चित्रं काढून मला फोन करायचे. आठ-दहा असे कागद त्यांनी त्या वहीत ठेवले होते. एकदा मी म्हटलं, आप्पा, आता कशाला तकलीफ करून घेता? ते म्हणाले, "घरात आवाज राहतोय." पंख्यांचा आवाज, तेवढाच.

दोन वर्षं अशी गेली. माझी मुलगी वर्षाची झाली. मग एका उन्हाळ्यात एक जुनी मशीन बंद पडली ती उठलीच नाही. दिवाळीत दुसरी गेली. तिसऱ्या मशिनीवर काम यायचं कमी झालं होतं, कारण नवे तुकडे आता तिलाही झेपत नव्हते. नवऱ्यानं त्या दोन जुन्या मशिनी बघितल्या आणि सांगितलं की दोन्हींचा आतला मुख्य भागच गेलाय, तसा आता मिळत नाही.

मी त्या खोलीतलं सामान काढायला म्हणून गेले. आप्पा मुलीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले होते. मी वायरी गुंडाळत होते. माझ्या तोंडून अचानक निघून गेलं.

"आप्पा, त्यानं माझी किडनी घेणार न्हाई म्हणलं ना, तवा मला बरं वाटलं व्हतं."

मुलगी त्यांच्या मिशीशी खेळत होती.

"मी दोनदाच म्हणले त्याला. आणखी म्हणायला पाहिजे व्हतं. त्याला वाटलं असंल, हिच्या मनात न्हाईच."

"त्याला ठाऊक व्हतं," आप्पा म्हणाले.

"काय?"

"तुझ्या मनात काय हाय ते. त्यानं मला सांगितलं व्हतं. म्हणला, आप्पा, ती भ्याली हाय अन् तरी आली. तिला आता परत विचारू नका."

मी वायर हातात धरून तशीच उभी राहिले. आप्पांनी मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"अन् मला बी बरं वाटलं व्हतं," ते म्हणाले. "एक तरी लेकरू धड राहतंय म्हणून. बापानं असं वाटून घ्यावं का? पण वाटलं. मी त्याच्यासमोर बसलो व्हतो अन् मला तसं वाटलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्या आलं. मुलगी माझ्याकडे बघून रडायला लागली, तेव्हा मी वायरी खाली ठेवल्या आणि तिला घेतलं. आम्ही तिघं बराच वेळ तिथं बसलो. समोरच्या आळीत ड्रम चालू झाला होता.

मग आप्पांनी विचारलं, "त्या लोकांना कळवायला पाहिजे ना, आता आपल्याच्यानं काम व्हत न्हाई म्हणून?"

"त्यांना कळतंय आपोआप. काम परत गेलं न्हाई की ते दुसऱ्याला देतेत."

"ते यंत्राचं झालं. माणसांनी सांगावं."

मी मोबाईलवर दादाचं खातं उघडलं. ती बाई आता त्या कामावर नव्हती, तिच्या जागी दुसरं कुणीतरी होतं, त्याला आमच्याबद्दल काही माहीत असायचं कारण नव्हतं. तरी मी लिहिलं. तीन ओळी. आमच्या मशिनी थकल्या, माझ्या भावानंतर त्या माझे वडील चालवत होते, आता थांबतो. आप्पांना मराठीत वाचून दाखवलं.

"वडिलांचं कशाला घातलंस?" ते म्हणाले.

"खोडू का?"

ते उठले. "असू दे," म्हणाले, आणि मुलीला माझ्याकडे देऊन शेताकडे निघाले. मी खोली झाडली, मशिनी पोत्यात घालून पडवीत ठेवल्या आणि चारच्या एसटीनं बाळापूरला आले. निरोपाला उत्तर आलं नाही. वही तेवढी मी सोबत आणली आहे.